१७७० च्या आसपासचे इंग्लिश क्रिकेटर खरंच भारी होते का नुसत्याच दंतकथा?

आडवी_बॅट

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे जुन्या क्रिकेटचे किडे भरपूर आहेत म्हणून विचारतो. अठराव्या शतकातली इंग्लंडची स्कोअरकार्डं चाळत होतो (नाद आहे, काय करणार). त्यात बिली बेल्डम म्हणून एक जण आहे, 'सिल्व्हर बिली', त्याच्या काळातला एक नंबरचा बॅट्समन असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि सरासरी बघायला जावं तर जेमतेम २१-२२. आज एवढ्या सरासरीवर रणजीत पाणी न्यायला पण कोणी घेणार नाही. अजून मागे गेलो तर जून १७४४ ची केंट विरुद्ध इंग्लंड मॅच, लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवरची, इंग्लंड ४० आणि ७०, केंट ५३ आणि मग ९ बाद ५८ करून एका विकेटने जिंकले. म्हणजे चार डाव मिळून २२१ रन. आमच्या सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये एका संध्याकाळी याच्यापेक्षा जास्त होतात. आणि मग मध्येच १७७७ मध्ये जेम्स एलवर्ड नावाचा कोणीतरी उठतो आणि एकटा १६७ ठोकतो!

तर हे लोक खरंच भारी होते, की जुनं ते सोनं म्हणून आपण माना डोलावतोय? आणि तो एलवर्ड काय प्रकार आहे?

सरपटी_स्पेशालिस्ट

सरासरी बघायच्या आधी मैदान बघा हो. गवत कापायचं मशीन आलं १८३० मध्ये. त्याच्या आधी गवत कोण कापणार, तर मेंढ्या. हॅम्बल्डन हे हॅम्पशायरमधलं छोटंसं गाव, पण त्यांचा क्लब तेव्हाचा नावाजलेला, आणि त्यांचं मैदान म्हणजे ब्रॉडहाफपेनी डाउन नावाचा उघडा माळ, वारा सुटला की सुटला, रोलर नाही, पॅड नाही, ग्लोव्हज नाहीत, बाउंड्री नाही त्यामुळे प्रत्येक रन पायाने पळून काढायचा. ओव्हर चार बॉलची.

आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे १७७४ च्या नियमांप्रमाणे पाहुण्या टीमला पिच कुठे लावायचं ते ठरवायचा हक्क होता. यजमानांनी एक मध्य ठरवायचा आणि त्याच्यापासून तीस यार्डांच्या आत पाहुणे म्हणतील तिथे स्टंप ठोकायचे. मग काय, ज्याच्याकडे चांगला बोलर त्याची मजा. लंपी स्टीव्हन्स म्हणून एक होता (खरं नाव एडवर्ड, लंपी हे टोपणनाव), तो सकाळी मैदानावर फिरून असा उतार शोधायचा की टप्पा पडला की बॉल उठायच्या ऐवजी सरपटत सरळ दांडीवर. त्याच्यावर तेव्हा लोकांनी दोन ओळींची कविता पण केली होती की लंपी काही उंचवटा सोडून पिच लावणार नाही. हॅम्बल्डनचा बोलर डेव्हिड हॅरिस याच्या बरोबर उलटा, तो चढ शोधायचा म्हणजे बॉल टप्पा पडून अंगावर उसळेल. म्हणजे आज आपण क्युरेटरच्या नावाने खडे फोडतो, तिथे बोलर स्वतःच क्युरेटर!

आता बॉलिंग अंडरआर्म म्हणून कोणी हसू नये. आधी ती खरंच सरपटी होती, जमिनीवरून घरंगळत यायची आणि बॅट पण हॉकी स्टिकसारखी खाली वाकडी असायची. १७६० नंतर बोलर टप्पा टाकायला लागले, लेंग्थ पकडायला लागले, आणि वाकड्या बॅटने टप्पा पडून येणारा बॉल खेळता येईना, मग बॅट सरळ झाली. हा बदल या पिढीने स्वतःच्या करिअरमध्ये पचवला. हॅम्बल्डनचा जॉन स्मॉल हा सरळ बॅटने खेळणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी. स्वतः बॅट आणि बॉल बनवायचा म्हणजे प्रयोग घरातच.

जुनी_पानं

वरच्या प्रतिसादात मैदान आलं, मी माणसांबद्दल लिहितो कारण मला या काळाचं तेच जास्त आवडतं. खेळणारे कोण होते बघा. लंपी माळी, टँकरव्हिलच्या अर्लच्या बागेत कामाला. त्याच अर्लचा बटलर विल्यम बेडस्टर, तोही टीममध्ये. डॉर्सेटचा ड्यूक, त्याच्याकडे जॉन मिनशुल माळी, ज्याने १७६९ मध्ये सेव्हनओक्सला १०७ केले आणि आपल्याला माहीत असलेली पहिली सेंचुरी तीच. स्मॉल मुळात जोडे शिवणारा. टॉम स्युटर सुतार आणि हॅम्बल्डनचा विकेटकीपर, गाणाराही. डेव्हिड हॅरिस कुंभार. कॅप्टन रिचर्ड नायरेन मैदानासमोरच्या 'बॅट अँड बॉल' खानावळीचा मालक, म्हणजे मॅच पण त्याची आणि मॅच संपल्यावरची बिअर पण त्याचीच.

मग यांना पैसा कुठून? पैजा. ड्यूक आणि अर्ल लोक एकेका मॅचवर पाचशे-हजार गिनी (तेव्हाचं सोन्याचं नाणं) लावायचे. एवढा पैसा लावायचा म्हटल्यावर चांगला बोलर आपल्या पदरी हवा, म्हणून त्याला माळी म्हणून, गेमकीपर (शिकारीच्या रानाचा राखणदार) म्हणून नोकरीला ठेवायचं. नाव माळ्याचं आणि काम यॉर्करचं. आपल्याकडे बँका, रेल्वे क्रिकेटरना नोकरी द्यायच्या तोच प्रकार, फक्त इथे शेठ स्वतः टीममध्ये खेळायला उतरायचा आणि त्याच्याच माळ्याकडून बोल्ड व्हायचा.

आता तुमचा एलवर्ड. जून १७७७, सेव्हनओक्सचं व्हाइन मैदान, हॅम्बल्डन विरुद्ध इंग्लंड, पैज हजार गिनींची. इंग्लंड १६६ ऑलआउट. हॅम्बल्डनने ४०३ केले त्यात एलवर्डचे १६७, बुधवारी संध्याकाळी पाचला बॅटिंगला आला तो शुक्रवारी दुपारी तीनला आउट झाला. आणि आला कितव्या नंबरवर, तर दहाव्या! मग इंग्लंड दुसऱ्यांदा ६९, एक डाव आणि १६८ रननी हरले. आता ज्या काळात पूर्ण टीमने शंभर केले तरी खूप झालं तिथे शेतकऱ्याच्या पोराने एकट्याने १६७ करणं याला सरासरीच्या तराजूत कसं टाकणार? पुढे त्याला सर होरेस मान या केंटच्या श्रीमंताने उचलला आणि आपल्या शेतीचा कारभारी केला. कारभार काही त्याला धड जमला नाही म्हणतात, पण तो कशासाठी नेलाय हे सगळ्यांना माहीत होतंच.

होरेस मानबद्दल एक आठवलं, मॅच रंगात आली की हा माणूस एका जागी बसायचाच नाही, बाउंड्री नव्हतीच, मैदानाच्या कडेकडेने येरझारा घालायचा आणि हातातल्या काठीने गवतातली डेझीची फुलं सपासप उडवत चालायचा. हजार गिनी लावल्यावर मी पण फुलं उडवली असती.

आडवी_बॅट

क्या बात है, धन्यवाद दोघांनाही. गेमकीपरवाला भाग माहीतच नव्हता. एक अजून, तिसरा स्टंप याच काळात आला ना? कोणीतरी सांगितलेलं की कोणाच्या तरी दोन दांड्यांमधून बॉल गेला म्हणून. खरं आहे का ते?

सरपटी_स्पेशालिस्ट

खरं आहे, आणि त्यात वर आलेली दोन्ही पात्रं आहेत. १७४४ च्या नियमात दोनच दांड्या, २२ इंच उंच, आणि वर ६ इंचाची एकच बेल. म्हणजे मध्ये सहा इंचाची फट, बॉल आरामात जातो. मे १७७५, आर्टिलरी ग्राउंड, केंटचे पाच विरुद्ध हॅम्बल्डनचे पाच अशी सिंगल विकेट (एका वेळी एकच बॅट्समन) मॅच. लंपी केंटकडून खेळत होता (तेव्हा 'दिलेला माणूस' म्हणून कोणीही कोणाकडून खेळायचा, आयपीएलवाल्यांनी नोंद घ्यावी). हॅम्बल्डनचा शेवटचा माणूस जॉन स्मॉल, १४ रन हवे होते. लंपीने त्याला तीनदा चकवलं, एकदा नाही दोनदा नाही तीनदा, तिन्ही वेळा बॉल दोन दांड्यांमधून पार आणि बेल जागची हलली नाही. स्मॉलने १४ काढले, हॅम्बल्डन जिंकलं. त्यानंतर मधली दांडी आली, सगळीकडे लगेच नाही पण हळूहळू आली.

मला यात जास्त आवडतं ते हे की बोलरवर अन्याय झाला हे तेव्हाच्या लोकांना लगेच पटलं. आज नियम बदलतात ते बॅट्समनच्या सोयीसाठी, यावर मी बोललो तर धागा वेगळीकडे जाईल म्हणून थांबतो.

बॅटच्या रुंदीचं पण तसंच. सप्टेंबर १७७१, चर्टसी विरुद्ध हॅम्बल्डन, लेलहॅम बर्वे मैदानावर. चर्टसीचा व्हाइट नावाचा बॅट्समन स्टंपांएवढी रुंद बॅट घेऊन आला. म्हणजे बोल्ड व्हायचा प्रश्नच नाही, दारासमोर फळी लावल्यासारखं. तोपर्यंत रुंदीला मर्यादाच नव्हती त्यामुळे नियमाने तो बरोबरच. हॅम्बल्डनने तरी ती मॅच जिंकली, २१८ विरुद्ध २१७, फक्त एका रनने, पण त्यांचा फास्ट बोलर थॉमस ब्रेट भडकला आणि त्याने लेखी आक्षेप काढला, खाली नायरेन आणि स्मॉलच्या सह्या. तिथून सव्वाचार इंच ठरलं ते आजपर्यंत सव्वाचारच आहे. टी-ट्वेंटीच्या त्या जाडजूड बॅटींची रुंदी मोजा, आकडा तोच येईल.

खडूस_काका

सगळं वाचलं. छान लिहिलंय पण जरा पाणी ओततो, राग मानू नका. यातल्या रंगतदार गोष्टी बहुतेक सगळ्या एकाच तोंडून आलेल्या आहेत. कॅप्टन नायरेनचा मुलगा जॉन, जन्म १७६४ चा, त्याने म्हातारपणी आठवणी सांगितल्या आणि त्या छापल्या गेल्या १८३३ मध्ये. म्हणजे लहानपणी बघितलेल्या मॅचेस पन्नास-साठ वर्षांनी, त्याही आपल्या बापाच्या टीमच्या. आमचे आजोबा विजय मर्चंटबद्दल बोलायचे तेव्हा मर्चंट कधी आउटच व्हायचे नाहीत. त्यामुळे हॅरिसच्या बॉलने बोटं फुटायची वगैरे ऐकायला बरं वाटतं, पण पुरावा म्हणून किती धरायचं?

दुसरं, बोलरांचे आकडे तर मागूच नका. तेव्हा स्कोअरकार्डावर बोल्ड झाला तरच बोलरचं नाव, कॅच गेला तर फक्त कॅच घेणाऱ्याचं. त्यामुळे लंपीने किती विकेट काढल्या हे आपल्याला कळणारच नाही. फर्स्ट क्लास म्हणून काही जण १७७२ पासून मोजतात, काही १८०१ पासून. जिथे मोजायला कुठून सुरुवात करायची यावरच एकमत नाही तिथे सरासरी घेऊन काय करणार.

जुनी_पानं

काका मुद्दा बरोबर आहे पण पूर्ण नाही. १६७ नायरेनच्या मुलाने सांगितले म्हणून नाहीत, ते स्कोअरमध्ये आहेत. त्या काळात मैदानावर दोन माणसं काठीवर खाचा पाडत बसायची, दर रनला एक खाच आणि दहावी जरा खोल, म्हणून रनला तेव्हा खाचाच म्हणायचे. १७७६ पासून सेव्हनओक्सचा प्रॅट म्हणून स्कोअरर छापील कार्डंसुद्धा काढायला लागला. आकडे तेव्हाचे, गोष्टी नंतरच्या, हे दोन वेगळं ठेवलं की झालं.

आणि हॅरिसबद्दल फक्त नायरेन नाही बोलला. तो बिली बेल्डम, ज्याच्यापासून हा धागा सुरू झाला, तो १७६६ मध्ये फार्नहॅमजवळ जन्मला आणि १८६२ पर्यंत जगला, ९६ वर्षं! त्याचा म्हातारपणीचा फोटो पण आहे, काठी टेकून बसलेला. त्यानेही वेगळ्या लोकांना मुलाखती दिल्या आणि तो स्वतः हॅरिसला खेळलेला होता. त्याचं म्हणणं की हॅरिसला पुढे जाऊनच खेळावं लागायचं, टप्प्यावर पोचून, मागे राहिलात की गेलात. हे आठवणीतलं कौतुक नाही, बॅट्समनचा हिशोब आहे. १७८० च्या दशकात लोक फ्रंट फूटवर यायला लागले ते एका कुंभारामुळे असं म्हटलं तरी चालेल.

हॅरिसला पुढे संधिवाताने इतकं धरलं की मैदानावर त्याच्यासाठी आरामखुर्ची आणायचे. बॉल टाकायचा, जाऊन खुर्चीत बसायचा, परत उठायचा. तरी टीममध्ये पहिलं नाव त्याचं. याच्यावर सरासरीवाल्यांनी बोलावं.

आणि त्याला खेळणारा टॉम वॉकर! 'ओल्ड एव्हरलास्टिंग'. चिकट म्हणजे किती चिकट, हॅरिसचे १७० बॉल खेळून एक रन काढल्याची गोष्ट आहे (काका, ही गोष्टच आहे, मान्य). त्याची कातडी जुन्या ओक झाडाच्या सालीसारखी, बोटांवर बॉल बसला तरी रक्त म्हणून यायचं नाही, आणि हॅरिस म्हणायचा की याची साल काढायला मला मजा येते. हाच वॉकर नंतर हात वर उचलून बॉल टाकायला लागला, हॅम्बल्डन क्लबने ठरवलं की ही फेकी आहे, बंद. राउंडआर्मला (हात खांद्यापर्यंत नेऊन बॉल टाकायला) पूर्ण परवानगी मिळाली १८३५ मध्ये, जवळपास पन्नास वर्षांनी. सरे परगण्यातला एक शेतकरी पन्नास वर्षं पुढे होता.

अलिबागकर

धागा इंग्लंडचा आहे पण एक आपल्याकडची गोष्ट टाकतो कारण अठराव्या शतकाचीच आहे. भारतात क्रिकेट खेळल्याची पहिली नोंद १७२१ ची, खंबातजवळ, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरच्या खलाशांनी खाडीत मुक्काम असताना रोज खेळून वेळ घालवला आणि आजूबाजूची माणसं बघायला जमायची. हे लिहिलंय क्लेमंट डाउनिंग नावाच्या खलाशाने, पुस्तक छापलं १७३७ मध्ये. आता गंमत अशी की ते पुस्तक क्रिकेटचं नाहीच, ते आहे कान्होजी आंग्रेंच्या आरमाराबद्दल! नावातच आंग्रेंना चाचा म्हटलंय (त्यांच्या बाजूने बघितलं तर वसुली आम्ही करायचो हे खरंच आहे). म्हणजे आंग्रेंशी लढायला आलेल्या माणसाने जाता जाता एक-दोन वाक्यात क्रिकेटची नोंद केली. तेव्हा हॅम्बल्डनचा क्लब पण नव्हता.

मैदानाबाहेरची

पुरुषांचंच चाललंय म्हणून एक भर. जुलै १७४५, गिल्डफर्डजवळ गॉस्डन कॉमन, ब्रॅमलीच्या मुली विरुद्ध हॅम्बल्डनच्या मुली (हे हॅम्बल्डन सरेमधलं, वरचं नाही). सगळ्या पांढऱ्या कपड्यात, एका टीमच्या निळ्या रिबिनी आणि एकीच्या लाल. हॅम्बल्डन १२७, ब्रॅमली ११९. पेपरात लिहिलं की मुली पुरुषांइतकंच छान खेळल्या. आता प्रश्नकर्त्याच्या भाषेत सांगायचं तर आदल्या वर्षी आख्ख्या इंग्लंडने दोन डावात मिळून ११० केले होते :)

आडवी_बॅट

हाहा, हे जबरदस्त. ठीक आहे, सरासरीचा मुद्दा मी मागे घेतला नाही पण बाजूला ठेवला. मग एवढी भारी टीम असलेलं हॅम्बल्डन संपलं कसं?

सरपटी_स्पेशालिस्ट

पैसा लंडनला गेला, एवढंच. विंचिल्सीचा अर्ल वगैरे मंडळींना दर मॅचला हॅम्पशायरच्या माळावर जायचा कंटाळा यायला लागला, लंडनमध्ये व्हाइट कंड्युइटचं मैदान होतं पण तिथे रस्त्यावरचे लोक मधूनच चालत जायचे. मग त्यांनी थॉमस लॉर्ड नावाच्या यॉर्कशायरच्या पोराला सांगितलं तू बंदिस्त मैदान बघ, नुकसान झालं तर आम्ही आहोत. १७८७, आज जिथे डॉर्सेट स्क्वेअर आहे तिथे. एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) पण त्याच वर्षी, आणि पुढच्याच वर्षी नियम पण तेच छापायला लागले. दहाएक वर्षात हॅम्बल्डनचा कारभार आटोपला. बेल्डम, हॅरिस, वॉकर सगळे लॉर्ड्सवर खेळायला जाऊ लागले, खेळाडूंचं काही बिघडलं नाही, गावाचं बिघडलं.

खडूस_काका

आता मी पण एक किडा सोडतो. १७७१ चा तो रुंद बॅटवाला, त्याला बरेच जण 'शॉक व्हाइट' म्हणतात, इथे कोणी म्हटलं नाही हे बघून बरं वाटलं. तो होता रायगेटचा थॉमस व्हाइट, शॉक व्हाइट वेगळा, ब्रेंटफर्डचा. चांगल्या चांगल्या लेखात ही गल्लत आहे.

आणि १७७४ चे नियम निघालेच आहेत तर एलबीडब्ल्यूपण त्यातच आला. पण आपण नावासकट ज्याला एलबीडब्ल्यू म्हणून स्कोअरकार्डावर बघतो असा पहिला माणूस जॉन टफ्टन, १७९५, बोलर जॉन वेल्स, म्हणजे बेल्डमचा मेहुणा. एकवीस वर्षं! कारण १७७४ च्या नियमात अट अशी होती की बॅट्समनने मुद्दाम, बॉल अडवायच्या हेतूने पाय घातला असेल तरच आउट. आता अंपायरने बॅट्समनला जाऊन विचारायचं का, की बाबा तुझा हेतू काय होता?